थंडीत कासव जेवत नाहीये? आधी थर्मामीटर बघा!

जानेवारीतली सकाळ. अंगावर स्वेटर, हातात कॉफीचा मग आणि ऑफिसची कॅब यायला दहा मिनिटं. जाता जाता तुम्ही गॅलरीतल्या टबात डोकावता. कालचे पेलेट्स तसेच फुगून तरंगतायत आणि कासवमहाशय कोपऱ्यात डोकं आत ओढून गप्प बसलेत. मग सुरू होतात घरगुती उपाय. आई म्हणते, ‘कंटाळलं असेल, सुका जवळा टाक.’ रूममेट म्हणतो, ‘झोपलंय रे, कासवं थंडीत झोपतात.’ आणि तुम्ही मनात म्हणता, ‘वीकएण्डला बघू.’

यातला एकही उपाय बरोबर नाही. जेवण सोडलेल्या कासवाला हवी असते ती ऊब. ती मिळाली की भूक आपोआप लागते, आणि ती नसताना पोटात ढकललेला घास त्याला आणखी आजारी पाडतो. हिवाळ्यात कासव सांभाळणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं!

आधी ओळखपरेड

मराठीत आपण सगळ्यांनाच ‘कासव’ म्हणून मोकळे होतो. खरं तर ही दोन वेगळी कुटुंबं. एक जमिनीवरचं, म्हणजे टॉर्टॉइज. घुमटासारखी पाठ, हत्तीसारखे जाड पाय, पक्कं शाकाहारी. दुसरं पाण्यातलं, म्हणजे टर्टल. चपटं कवच, बोटांमध्ये पडदे, पालेभाजीपासून मासळीपर्यंत सगळं चालणारं.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅट्समध्ये सर्रास दिसतं ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. त्याचं नाव रेड इअर्ड स्लायडर. ते पाण्यातलं आणि मूळचं अमेरिकेतलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार टॉर्टॉइज मात्र अस्सल भारतीय. ‘घरात भरभराट होते’ म्हणून कुणी ते आणून देत असेल तर लांबूनच नमस्कार करा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या परिशिष्टात आहे. ते पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा किमान तीन वर्षं कैद. भरभराटच हवी असेल तर पितळेचं कासव आणा, ते खातही नाही आणि थंडीत आजारीही पडत नाही! सल्काटासारखी परदेशी जमिनीवरची कासवं आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारातल्या यादीत आहेत. घरात असं कासव असेल तर २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

पोटाची शेगडी बाहेर असते

आपण एसीत बसून वडापाव खाल्ला काय आणि उन्हात खाल्ला काय, आपलं शरीर ३७ अंशांवरच असतं. कासवाचं तसं नसतं. आजूबाजूला जितकी ऊब, साधारण तितकंच त्याचं अंग गरम. पचनाचे रस, आतड्यांची हालचाल, आतल्या जिवाणूंचं काम हे सगळं या उबेवर चालतं.

जमिनीवरच्या कासवाच्या मोठ्या आतड्यात तर आंबवण्याचा कारखानाच असतो. गवत-पाल्यातला चोथा तिथले जिवाणू हळूहळू फोडतात आणि त्यातून कासवाला शक्ती मिळते. अंग गार पडलं की हा कारखाना मंदावतो. खाल्लेलं पुढे सरकत नाही, पोटातच पडून राहतं, कुजायला लागतं, गॅस होतो. वरून पाणीही कमी प्यायलं गेलं की शी कडक होऊन अडकते.

म्हणजे गारठलेलं कासव जेवत नाही तेव्हा ते शहाणपणाच करत असतं. शेगडी विझलीये म्हणून त्याने भांडं चढवलेलं नाही. आपण चिमट्याने तोंड उघडून जवळा कोंबतो, तेव्हा नेमका तो शहाणपणा मोडून काढतो.

हे फार पूर्वी एका इंग्रज गृहस्थाने टिपून ठेवलंय. गिल्बर्ट व्हाइट हे सेलबर्न गावचे पाद्री आणि हौशी निसर्ग अभ्यासक. त्यांच्या आत्याकडे टिमथी नावाचं जमिनीवरचं कासव होतं. ते १७८० साली त्यांच्या बागेत राहायला आलं. ते कधी जमिनीत शिरतं, कधी बाहेर येतं, किती खातं, याच्या नोंदी व्हाइट यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. भर उन्हाळ्यात टिमथी अधाशासारखं खायचं आणि ऊन उतरलं की त्याची भूकही उतरायची. झोपण्याआधीचे शेवटचे सहा आठवडे तर ते जवळपास काहीच खायचं नाही. साधारण नोव्हेंबरात ते मातीत शिरायचं ते थेट एप्रिलमध्ये बाहेर. (पुढे कळलं की टिमथी हा ‘तो’ नसून ‘ती’ होती! तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.)

पोट रिकामं करून झोपायचं, हे त्या कासवाला कुणी शिकवलं नव्हतं.

फ्रिजमधली झोप

आजही ब्रिटन-जर्मनीत हर्मन्स टॉर्टॉइजसारखी भूमध्य समुद्राच्या काठची कासवं पाळणारे लोक हाच क्रम पाळतात, फक्त जरा हायटेक पद्धतीने. कासव चक्क फ्रिजमध्ये झोपवलं जातं! भाजीच्या फ्रिजमध्ये नाही हं, त्याच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये. तापमान पाच अंशांच्या आसपास. शून्याकडे गेलं तर डोळ्यांना आणि शरीराला गोठून इजा होते, दहाच्या वर गेलं तर झोप मोडते आणि साठवलेली चरबी उगाच जळत राहते. आत हवा खेळावी म्हणून दार रोज थोडा वेळ उघडायचं.

त्याआधीची तयारी महत्त्वाची. झोपायच्या दोन ते चार आठवडे आधी जेवण बंद. लहान कासवांना कमी दिवस, मोठ्यांना जास्त. पाणी मात्र चालू. कोमट पाण्यात बसवून आंघोळी घालायच्या, म्हणजे ते पाणी पितं आणि आतडं रिकामं करतं. झोपेत दर आठवड्याला वजन करायचं. महिन्याला साधारण एक टक्का घट चालते. एकूण दहा टक्क्यांच्या जवळ गेली किंवा कासवाने झोपेत लघवी केली, तर झोप संपली, बाहेर काढा. कारण ती साठवलेली लघवी म्हणजे त्याची पाण्याची टाकी. ती रिकामी झाली की शरीर सुकायला लागतं. जाग आल्यावरही आधी ऊब, मग कोमट आंघोळ, मग पाणी आणि शेवटी जेवण. आजारी, अशक्त किंवा नव्या कासवाला तिथेही कुणी झोपवत नाही.

हे वाचून घरच्या फ्रिजकडे बघू नका! ही सगळी कसरत कडक हिवाळ्याच्या प्रदेशातून आलेल्या, ठणठणीत कासवांसाठी. स्टार किंवा सल्काटासारखी उष्ण भागातली कासवं हिवाळी झोप घेतच नाहीत. त्यांना गारठ्यात ठेवलं तर ती झोपत नाहीत, मरतात.

आपली थंडी : ना धड इकडे, ना धड तिकडे

मग आपल्या टबातल्या स्लायडरचं काय? अमेरिकेतल्या तळ्यांत तोही थंडीत तळाशी सुस्त पडून राहतो. म्हणून रूममेटचं ‘झोपलंय रे’ पटण्यासारखं वाटतं. पण पुण्या-नाशकाचा जानेवारी आठवा. पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याहून खाली. दुपारी मात्र २८-३० अंश, लोक हाफ शर्टात. मुंबईत पहाट जरा सौम्य, एवढाच फरक.

कासवाच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट हिशेब. दुपारी टब तापतो, कासव जागं होतं, दोन-चार दाणे खातं. रात्री पाणी गार पडतं आणि ते दाणे पोटात तसेच राहतात. खरी झोप लागावी इतकी थंडी नाही, नीट पचावं इतकी ऊब नाही. असे सहा-आठ आठवडे गेले की प्रतिकारशक्ती ढासळते, सर्दी छातीत उतरते आणि फेब्रुवारीत एके दिवशी टबात हालचाल नसते. लोक म्हणतात, ‘काही झालं नव्हतं हो, चांगलं होतं.’ झालेलं असतं, फक्त कासव ओरडत नाही.

त्यामुळे आपल्याकडे एकच धोरण : स्लायडरला झोपवायचं नाही, वर्षभर उबेत जागं ठेवायचं.

हिवाळी सेटअप

• थर्मामीटर : अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात स्वस्तात मिळतो. हाताने अंदाज घेऊ नका, आपल्या हाताला २० अंशांचं पाणीही ‘ठीक’ वाटतं. स्लायडरला हवं २४ ते २७ अंश, पिल्लांना त्यातलं वरचं टोक.

• हीटर : थर्मोस्टॅट असलेला अ‍ॅक्वेरियम हीटर घ्या आणि त्याला प्लॅस्टिकची जाळी बसवा, नाहीतर कासव काच फोडतं. पाणी बदलण्याआधी प्लग काढा. आंघोळीच्या बादलीतला रॉड चुकूनही नको.

• कोरडी जागा : एक फळी किंवा सपाट दगड, जिथे कासव पूर्ण बाहेर येऊन सुकू शकेल. त्यावर बल्ब, खाली ३०-३२ अंश भरतील इतक्या उंचीवर. जेवण झाल्यावर ते तिथे येऊन पाय पसरून बसलं की समजा, शेगडी पेटली.

• यूव्हीबी : साध्या बल्बने ऊब मिळते, पण कवचासाठी लागणारं ‘ड’ जीवनसत्त्व बनायला यूव्हीबी किरण हवेत. ते नसतील तर कितीही कॅल्शियम खाल्लं तरी अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. यूव्हीबीचा दिवा लावा, तो पेटत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदला. किंवा सकाळचं थेट ऊन द्या, अर्धा तास. अर्ध्या टबावर सावली हवीच आणि तुम्हीही शेजारी हवेत. घार, कावळा, शेजारचं मांजर, कुणीही टपलेलं असतं. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, ती बघता बघता भट्टी होते.

• टायमर : तुम्ही नऊला घर सोडता, आठला परतता. प्लगचा टायमर लावून दिवे दहा ते बारा तास चालू ठेवा, रात्री बंद. लाइट गेली तर टाकीला बाहेरून जाड चादर गुंडाळा, वर हवेला फट ठेवून.

सकाळी कासव बर्फासारखं गार आणि निपचित सापडलं तर लगेच मेलं समजू नका. आणि गरम पाण्यातही टाकू नका. कोरड्या टॉवेलात ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, मग हळूहळू उबेकडे न्या आणि डॉक्टरांना फोन करा.

ताटात काय वाढायचं?

ऊब नीट असेल, तरच हा विषय. स्लायडर लहानपणी जास्त मांसाहारी असतो, वय वाढतं तसा पाल्याकडे वळतो. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा. माप सोपं आहे, त्याच्या डोक्याएवढे पेलेट्स. तो पाण्यातच गिळू शकतो, म्हणून खाणं पाण्यातच द्या आणि उरलेलं काढून टाका.

पेलेट्सबरोबर हिरवं हवंच. जास्वंदीची पानं-फुलं, किसलेलं गाजर, लाल भोपळा, थोडी मेथी. गाजर-भोपळ्यातून मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाचं महत्त्व मोठं. वर्षानुवर्षं नुसत्या सुक्या जवळ्यावर वाढलेल्या स्लायडरचे डोळे सुजून बंद होतात, त्याचं नेहमीचं कारण याच जीवनसत्त्वाची कमतरता. जवळा म्हणजे त्याच्यासाठी चिप्सचं पाकीट. कधीतरी ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. पालकही रोज नको, त्यातली ऑक्झलेट्स कॅल्शियम अडवून धरतात. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेनाचा पांढरा तुकडा टाकीत सोडा. कासव कुरतडेल, कॅल्शियम मिळेल.

पोळी, भात, दूध, पनीर, बिस्किट हे सगळं बाद. लाडाचा घास म्हणून जमिनीवरच्या कासवाला केळं-आंबा देणंही वाईट. गोड फळांनी त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंचा तोल जातो आणि जुलाब लागतात. त्याला हवा चोथाच चोथा : गवत, रानपाला, जास्वंद.

पोट अडकलं असेल तर

आधी तापमान तपासा. आठपैकी सात वेळा उत्तर तिथेच सापडेल असं समजून सुरुवात करा. मग २८-३० अंशांच्या, हनुवटीपर्यंतच येईल इतक्या उथळ पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. बऱ्याचदा आंघोळीतच काम होतं. एरंडेल, इसबगोल, माणसांची औषधं यातलं काही देऊ नका.

ऊब आणि आंघोळ देऊनही काही दिवस शी नाही, कासव जोर लावतंय, मागचे पाय ओढतंय, तर घरगुती प्रयोग बंद. टाकीतली बारीक खडी गिळलेली असू शकते. म्हणून टाकीत खडी ठेवायचीच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठी ठेवा. दुसरी शक्यता म्हणजे मादीच्या पोटात अंडी अडकलेली असणं. नर नसतानाही मादी अंडी धरते, हे अनेकांना माहीत नसतं. दोन्हींत एक्स-रे लागतो.

पुढच्या खुणा दिसल्या तर वीकएण्डची वाट बघू नका :

• नाकातोंडातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास
• पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं (न्यूमोनियाची शक्यता)
• सुजलेले, न उघडणारे डोळे
• दाबल्यावर लवचिक लागणारं कवच
• आठवड्यागणिक उतरणारं वजन

शेवटच्या खुणेसाठी किचनमधला डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी वजन, मोबाइलमध्ये नोंद. डॉक्टर निवडताना आधी विचारा, ‘सरपटणारे प्राणी बघता का?’ कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत. नेताना पाण्याच्या बादलीत नको. भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेल घालून, एसीच्या झोतापासून दूर न्या.

आणि हो, हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि कासव ठणठणीत दिसत असतं. लहान मुलं आजारी पडत असल्याने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. त्याचा टब किचनच्या सिंकमध्ये घासू नका.

घेण्याआधी जरा थांबा

हे सगळं वाचून ‘एवढं करायचं?’ असं वाटलं असेल तर तो प्रश्न अगदी योग्य आहे. दुकानात दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठं दिसणारं पिल्लू पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे तुमच्या होम लोनच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत ते सोबत असणार! तोपर्यंत किती नोकऱ्या बदलतील, किती शहरं बदलतील?

कंटाळा आला म्हणून त्याला पाषाण किंवा पवईच्या तलावात सोडणं ही सुटका नाही. स्लायडर जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. तो आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतो. युरोपीय महासंघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. सांभाळणं जमत नसेल तर जबाबदार माणूस शोधा, प्राणिमित्र संस्थांशी बोला. कुणाच्या घरात किंवा रस्त्यावर देशी कासव सापडलं तर महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

आणि टब आधीच घरात असेल तर आज ऑफिसातून येताना अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात एक चक्कर मारा. थर्मामीटर आणि हीटर घ्या, रात्री लावा. दोन-तीन दिवसांत पाणी स्थिर झालं, कासव फळीवर येऊन मान ताणून बसलं, की मग पेलेट्सचा डबा उघडा.